साडेसहा ते साडेदहा: वस्तीतल्या फुटबॉल सेंटरबद्दल, दीड वर्ष पाहून लिहून राहिली

दर आठवड्यात कोणी ना कोणी व्हॉट्सॲपवर विचारतंच, ताई ते कामठी रोडकडचं पोरांचं सेंटर कसं आहे, आमच्या पोट्ट्याला टाकू का, पैसे किती घेतात, तिथल्या पोरांच्या नादी लागून अजून बिघडणार तर नाही ना. एकेकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकते. सेंटरचं नाव इथं लिहीत नाही. तिथली बरीच पोरं अल्पवयीन आहेत, दोघा-तिघांच्या केसेस चालू आहेत, आणि खाली मी तक्रारीही लिहिल्या आहेत. उत्तर नागपुरात राहणाऱ्यांना कळेलच कोणतं ते.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून पाहून राहिली ते समजेल. मी स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं झाली, त्यातली नऊ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या केसेस येतात तिथं. पोट्टा माझ्या धाकट्या बहिणीचा. तिचे मिस्टर गेले तेव्हा तो सहावीत होता. बहीण जरीपटक्यात चार घरी स्वयंपाक करते, संध्याकाळी पाचला निघते ते साडेनऊ-दहाला घरी येते. म्हणजे शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत पोट्टा मोकळा. नववीत गेला तसा चौकातल्या पानठेल्यावर उभा राहायला लागला. आधी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, मग सिगारेट, मग एका 'भाई'च्या गाडीमागं बसून फिरणं, मग मोबाईलवर ते स्टेटस, तलवारीनं केक कापताना मागं उभा आमचा हिरो. आम्ही ओरडलो, मारलं पण, खोटं कशाला सांगू. काही फरक पडला नाही. एक दिवस बहिणीनं ड्युटीवर फोन केला, नुसती रडून राहिली होती, बोलताच येत नव्हतं तिला. गादीखाली बटनचाकू सापडला होता. हिरव्या मुठीचा.

मी कॅज्युअल्टीत काय पाहते ते सांगते. चाकूचे वार घेऊन पोरं येतात ती बहुतेक रात्री नऊ ते एकच्या मधात. वय सोळा, अठरा, वीस. कारण विचारलं तर ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही, गाडीचा कट लागला, माझ्याकडे काऊन पाहिलं, स्टेटसला काहीतरी टाकलं. आणि हाताचे तळवे. चाकू अंगावर आला की माणूस तो पकडायला जातो आणि पकडतो धारेच्या बाजूनंच, मग बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, कापल्या जातात. पोटातला वार भरून येतो, पोट्टा घरी जातो, पण सहा-सहा महिने त्याला शर्टाचं बटन लावता येत नाही, आई लावून देते. मला बहिणीचा फोन आला तेव्हा डोळ्यापुढं दुसरं काही आलंच नाही, आमच्या पोट्ट्याचे हातच आले. आणि दुसऱ्या कोणाच्या पोट्ट्याचे, आमच्याच्या चाकूवर.

तर हे सेंटर मला आमच्याच वॉर्डातल्या एका मावशींनी सांगितलं, त्यांचा नातू तिथं जात होता. पहिल्या दिवशी मी स्वतः घेऊन गेली त्याला, हाताला धरून. तो पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलला नाही.

काय आहे तिथं? पाहायला गेलं तर काहीच नाही. एक मोकळं ग्राउंड, एका बाजूला टिनाच्या दोन खोल्या, दोन लाईटचे खांब, पाण्याची टाकी. फुटबॉल दहा-बारा, त्यातले निम्मे पंक्चर काढून शिवलेले. मला वाटलं हे काय सुधारणार. पण मी वेळ विचारली तर म्हणाले संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. तिथंच मी सावध झाली, कारण ह्याच वेळेत पोट्टे चौकात असतात, नि नऊपासून माझ्याकडे यायला लागतात. सकाळी सहाला समर कॅम्प घेणारे खूप पाहिले, सकाळी सहाला कोणता पोट्टा कोणाला चाकू मारून राहिला? सेंटर चालवणाऱ्या सरांना विचारलं की ही वेळ मुद्दाम ठेवली का, तर ते म्हणाले मुद्दामच. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत मेरीलँड राज्यात १९८६ साली असंच सुरू झालं होतं, बास्केटबॉल, तेही रात्री दहा ते दोन, पोरं रस्त्यावर नसून कोर्टावर असावीत म्हणून. पुढं त्याच्यावर तिथं वादही झाले, की नुसतं खेळवून काय होते म्हणून. सर म्हणाले, वाद करणारे अर्धे बरोबर आहेत, बॉल हे फक्त आमिष आहे, मासा आल्यावर काय करता त्याच्यावर सगळं आहे.

दुसरी गोष्ट जी मला पटली ती म्हणजे गेटवरचा डबा. तेलाचा पत्र्याचा डबा असतो ना पंधरा किलोचा, तो कापून ठेवला आहे. आत येताना खिशात जे असेल ते त्यात टाकायचं. खर्ऱ्याची पन्नी, माचिस, ब्लेड, चाकू, काहीही. कोणी विचारत नाही हे कुठून आणलं, कोणी घरी फोन करत नाही. जाताना खर्रा परत मिळतो, हो, परत देतात, मला पहिल्यांदा भयंकर राग आला होता ह्याचा. धारेची वस्तू मात्र परत मिळत नाही. नवव्या दिवशी आमच्या भाच्यानं घरी काही न सांगता दुसरा एक चाकू त्या डब्यात टाकला. म्हणजे आम्ही हिरवा सापडला म्हणून निवांत झालो होतो आणि त्याच्याकडे अजून एक होताच. खर्ऱ्याचं पण सांगते, तिथल्या कोचनी, दादांनी, मला समजावलं की ताई पहिल्याच दिवशी खर्रा हिसकला तर पोट्टा गेटवरूनच वापस जाईल आणि चाकू घेऊन जाईल. सहा-सात महिन्यांनी खर्रा आपोआप कमी झाला कारण धावताना दम लागायला लागला. पूर्ण सुटला नाही अजून.

कोचला पोरं सगळी दादाच म्हणतात. तिशीतले असतील, स्वतः एकेकाळी ह्याच रस्त्यावरचे, आत पण जाऊन आलेले, आणि डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत त्यांची. मी नर्स आहे, पहिल्या भेटीतच कळलं मला ते कशानं झालं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता खेळाबद्दल. नागपूरकरांना हे नवीन वाटायला नको, झोपडपट्टी फुटबॉल आपल्याच शहरात सुरू झालं. हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे सर विजय बारसे, त्यांनी पावसात पोरांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि बॉल दिला, त्यातून २००१ मध्ये स्लम सॉकर उभं राहिलं. बोखाऱ्याला त्यांचं ग्राउंड आहे, तिथली पोरं देशाच्या टीममधून होमलेस वर्ल्ड कपला, म्हणजे बेघरांच्या फुटबॉल वर्ल्ड कपला, जातात, २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेचा, फिफाचा, डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. लोकांना 'झुंड' सिनेमा आल्यावर माहीत पडलं, पण काम त्याच्या वीस वर्षं आधीचं. मी ज्या सेंटरबद्दल लिहून राहिली ते वेगळं आहे, लहान आहे, त्यांच्याशी संबंध नाही, पण सर सांगतात की बारसे सरांचं काम पाहूनच हिंमत आली.

तिथं मॅच खेळायची पद्धत वेगळी आहे आणि मी ही पद्धत नीट बसून पाहिली कारण मला आधी पोरखेळ वाटला होता. रेफरी नसतो. मॅचचे तीन भाग. पहिल्यात दोन्ही टीम गोलाकार बसतात आणि नियम ठरवतात, म्हणजे आज शिवी दिली तर काय, पडलेल्याला उठवलं तर किती पॉइंट, पोरं-पोरींची मिक्स टीम असेल तर पहिला गोल मुलीनंच करायचा का. दुसऱ्या भागात खेळ. तिसऱ्यात परत बसायचं आणि समोरच्या टीमला तोंडावर सांगायचं की तुम्ही नियम पाळले का नाही, त्याचे पॉइंट वेगळे. गोल जास्त मारूनही टीम हरू शकते. मधात एक जण असतो, तो फक्त बोलणं करून देतो, शिट्टी नाही, कार्ड नाही. ह्या खेळाचं मूळ कोलंबियातल्या मेडेलिन शहरात आहे. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला आणि घरी परतल्यावर त्याला गोळ्या घालून मारलं, आठवत असेल अनेकांना. त्यानंतर १९९६ मध्ये त्या शहरातल्या टोळ्यांच्या पोरांसाठी हा प्रकार काढला. आता जगभर खेळतात.

त्या तिसऱ्या भागात मी आमच्या भाच्याला पहिल्यांदा बोलताना पाहिलं. घरी तो 'हाव' आणि 'नाही' एवढंच बोलतो. तिथं एका पोट्ट्यानं त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "तू मले मागून ढकललं, अन् मी पडलो तर हसला." मला वाटलं आता हा उठून मारते. तो मान खाली घालून बसला, बुटाची लेस गुंडाळत, खूप वेळ, दोन मिनिटं तरी झाली असतील, कोणी त्याला घाई केली नाही. मग म्हणाला, "हसलो, हाव. नाही हसायला पायजे होतं." एवढंच. खेळ सुरू. मी गेटजवळ उभी होती, माझ्या हातातली पिशवी खाली पडली तेही मला कळलं नाही. माझ्या बहिणीचा पोट्टा चारचौघांत चूक कबूल करतो आणि त्याची इज्जत जात नाही, हे मी सोळा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. चौकातली सगळी मारामारी ह्या एका गोष्टीवर असते, की चारचौघांत खाली कोण पाहिलं.

सरळ सुधारला असं नका समजू. तिसऱ्या महिन्यात तो दहा दिवस गेलाच नाही, परत त्या भाईकडं. पाचव्या महिन्यात ग्राउंडवरच एका पोराच्या डोक्यात अद्धा मारला, म्हणजे विटेचा तुकडा. चार टाके पडले. आम्हाला वाटलं संपलं, काढून टाकतील, आणि त्यांना दोष पण देता आला नसता. बहीण तर पाया पडायला गेली होती. त्यांनी काढलं नाही. पंधरा दिवस खेळायचं नाही पण यायचं रोज, आणि दुसऱ्यांच्या मॅचमध्ये मधे बसून बोलणं करून द्यायचं. ज्याला मारलं त्याच्या घरी दादा त्याला घेऊन गेले, त्या पोराच्या आईनं दार उघडून जे सुनावलं ते ऐकून घ्यायला लावलं, दवाखान्याचा खर्च बहिणीनं हप्त्यानं दिला. तुम्ही विचारता ना सेंटर चांगलं कशावरून, तर माझं उत्तर हे आहे, की पोट्टा पडल्यावर किती वेळा परत घेतात ते पाहा. चांगल्या पोरांना सगळेच घेतात.

आता त्या रात्रीचं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी नाईटला होती. पाऊण वाजता एक केस आली, सतरा वर्षांचा पोट्टा, मांडीत वार, ऑटोची पूर्ण सीट रक्तानं भरलेली. मांडीचा वार लोकांना साधा वाटतो, साधा नसतो, मोठी रक्तवाहिनी तिथून जाते. त्याला आत घेतलं, मी स्लिप द्यायला बाहेर आली तर गेटजवळ अकरा पोट्टे. मी मोजले. त्यात आमचा भाचा. माझ्याकडं असं पाहिलं जसं ओळखतच नाही. एक जण फोनवर होता, "ते कुठं बसून आहेत सध्या, पाहून सांग." तेवढं मी ऐकलं. अशा गेटवरून निघालेली पोरं तासाभरानं दुसरी केस पाठवतात, हे मी नऊ वर्षांत किती वेळा पाहिलं असेल. कधी त्यांच्यातलाच एक स्ट्रेचरवर परत येतो.

मी आत जाऊन दादांना फोन लावला. पहिल्या रिंगमध्ये उचलला. वीस मिनिटांत ॲक्टिव्हावर, पायात स्लिपर, अंगावर रेनकोट उलटा घातलेला. मला वाटलं आता भाषण देतील पोरांना, शांत राहा, कायदा हातात घेऊ नका वगैरे. काही नाही. आल्या आल्या पहिलं विचारलं, "रक्त कोण कोण देते बे?" सगळ्यांनीच हात वर केला. मग त्यांनी लाईन लावली, अठरा पूर्ण कोण, पंचेचाळीस किलोच्या वर कोण, आज दारू कोण प्यायलं. अकरापैकी तीनच उरले, ते ब्लड बँकेकडं गेले. आमचा भाचा सोळाचा, त्याला घेतलं नाही तर तो तिथंच रडायला लागला, एवढा मोठा घोडा, भिंतीला तोंड करून. दादांनी त्याला अजून एकाबरोबर पाठवलं त्या पोराच्या आईला आणायला, आणि सांगितलं की तिला रस्त्यात काय सांगायचं आणि काय नाही. एकाला ऑटोवाल्याचे पैसे द्यायला, सीट धुवायला. ज्यानं भांडण डोळ्यानं पाहिलं होतं त्याला बाजूला घेऊन, पोलीस आले की जबाब कसा द्यायचा, खरं तेवढंच बोल, नावं वाढवू नको. फोनवर असलेल्या पोट्ट्याचा फोन मागितला नाही, फक्त त्याच्या बाजूला जाऊन बसले. पहाटे चारला सगळे गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत होते. सहाला डॉक्टर म्हणाले धोका टळला. कोणी कुठं गेलं नाही.

मी नंतर सरांशी बोलली तेव्हा कळलं की ह्या कामासाठी शिकागोत पगारी माणसं असतात. गॅरी स्लटकिन नावाचे डॉक्टर, साथरोगांचे, आफ्रिकेत कॉलरा-टीबीवर काम करून परतलेले, त्यांनी २००० साली तिथल्या वेस्ट गारफिल्ड पार्क भागात सुरू केलं, आधी नाव सीझफायर, नंतर क्युअर व्हायोलन्स. त्यांचं म्हणणं, हिंसा साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडं जाते, तर साथीसारखीच थांबवा, पहिली केस आली की तिच्या संपर्कात कोण आलं ते शोधा. म्हणून त्याच गल्लीतले, एकेकाळी टोळीत असलेले लोक नेमले आणि जखमी हॉस्पिटलला आला की त्यांना तिथं पाठवलं, त्याच्या दोस्तांजवळ. मला हे ऐकून अंगावर काटा आला कारण माझ्यासमोर गेटवर हेच झालं होतं, आणि ते करणाऱ्या माणसाला त्या रात्रीचा एक रुपया मिळाला नाही, पेट्रोलही त्याचंच.

आठवड्याभरात दादा समोरच्या पोरांच्या घरीही जाऊन आले. केस केसच्या जागी चालू आहे. नंतर ह्या अकरातल्या एकानं जाऊन समोरच्या पोरांची गाडी फोडलीच, ते पण लिहिते, लपवत नाही. पण गाडी फोडली, माणूस नाही.

अजून एक चांगली गोष्ट म्हणजे पालकांची मीटिंग, महिन्यातून एकदा, आणि एकदा त्यात एक वकील मॅडम आल्या होत्या. आमच्यातल्या निम्म्या आयांना वाटत होतं की अठराच्या आत आहे तर काही होत नाही, बालसुधारगृहात चार दिवस ठेवून सोडतात. मॅडमनी सांगितलं की २०१५ चा बाल न्याय कायदा आल्यापासून सोळा ते अठरामधल्या पोरानं खुनासारखा गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ तपासून ठरवू शकतं की केस मोठ्या माणसासारखी चालवायची. आणि चाकू नुसता खिशात असला तरी, पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर आर्म्स ॲक्ट, म्हणजे शस्त्र कायदा, लागू शकतो, वापरायची गरजच नाही. ही माहिती आयांना भाषणापेक्षा जास्त लागली. माझी बहीण घरी येऊन स्केल घेऊन कपाटामागं शोधत बसली होती.

आता तक्रारी. ह्या पण तेवढ्याच मनापासून लिहून राहिली.

पहिली, सणावारी बंद. ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी कुलूप. गणपती विसर्जन, होळी, आणि आपल्याकडं पोळ्याचा दुसरा दिवस, मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी मारबत पाहायला अर्धं नागपूर रस्त्यावर असतं, पोट्टे सकाळपासून बाहेर, दारू चालू, धक्काबुक्की होते आणि तिचा हिशोब रात्री होतो. मागच्या वर्षी त्या दिवशी सेंटर बंद होतं, मी सरांना तोंडावर म्हटलं की तुम्ही आम्हाला वेळेचं महत्त्व सांगता आणि हीच वेळ सोडता? स्टाफलाही घर आहे, सण आहे, मान्य. पण मग पाळी लावा. ह्या वर्षी मारबतीच्या रात्री उघडं ठेवलं, खिचडी केली, बारापर्यंत पोरं होती. होळीचं अजून ठरलं नाही.

दुसरी, आणि ही गंभीर आहे. एक दिवस सेंटरच्या पेजवर आमच्या भाच्याचा फोटो, चेहरा साफ दिसतो, आणि खाली लिहिलेलं की गुन्हेगारीच्या वाटेवरून परतलेली मुलं. कोणी पैसे देणारे पाहुणे आले होते त्यांच्यासाठी टाकला होता. त्याच्या शाळेतल्या पोरांनी पाहिला. दोन दिवस तो शाळेत गेला नाही, ग्राउंडवर पण नाही. अरे ज्या पोट्ट्यानं इतक्या कष्टानं चारचौघांत मान वर करायला शिकला त्याला तुम्हीच चारचौघांत खाली पाडता? आणि कायद्यानं पण केसमधल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ७४. आमच्यावर केस नव्हती पण त्या फोटोत ज्यांच्यावर होती ते पण होते. मी तक्रार केली, फोटो काढायला आठ दिवस लावले. माफी मागितली, आता मागून फोटो काढतात, पाठीचे. तरी पालकांनी पहिल्या दिवशीच लिहून द्यावं की फोटो नको.

तिसरी, मुली. मुलींची बॅच आहे पण संध्याकाळी साडेसात वाजता संपते, संडास एकच आणि त्याची कडी तुटलेली. माझी भाची त्या बॅचमध्ये आहे म्हणून मी कडी लावून घेतली दोनदा, परत तुटली. मुलींना ह्या गल्लीत चाकू लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र माझ्याबरोबर ड्युटी करावी.

आणि सगळ्यात मोठी, अठरा वर्षं. पोट्टा अठराचा झाला की बॅचमधून बाहेर. का, तर पैसे देणाऱ्यांच्या कागदावर वय तेवढंच लिहिलं आहे. म्हणजे अठराच्या आदल्या दिवशीपर्यंत रात्री फोन उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला? उलट खरा धोका तिथून सुरू होतो, शाळा सुटली, काम नाही, आणि भाईकडं काम आहे, गाडी आहे, रोज पाचशे रुपये आहेत. मागच्या बॅचमधले दोघे परत चौकात उभे दिसतात मला, मी ड्युटीवर जाताना नमस्ते मावशी म्हणतात. चांगली पोरं आहेत हो. लॉस एंजेलिसमध्ये ग्रेग बॉयल नावाच्या फादरनी १९८८ मध्ये टोळीतल्या पोरांसाठी काम सुरू केलं, १९९२ मध्ये त्यांनी थेट बेकरीच टाकली, एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांची पोरं एकाच भट्टीवर ब्रेड काढतात, आणि अंगावरचे टोळीचे गोंदण फुकट काढून देतात कारण ते पाहून कोणी नोकरी देत नाही. इथं बेकरी नका टाकू, पण आयटीआयचा फॉर्म भरून द्यायला, हिंगणा-बुटीबोरीच्या कंपनीत सोबत जाऊन बोलायला एक माणूस ठेवा. आणि हे पण पोरांना सांगा की अल्पवयात झालेल्या केसमुळं पुढं नोकरीला अपात्र ठरवता येत नाही असं बाल न्याय कायद्यातच लिहिलं आहे, मोठ्यांसारखी केस चालली नसेल तर. पोट्टे चारित्र्य पडताळणीचं नाव काढताच फॉर्म फाडून टाकतात, मी डोळ्यानं पाहिलं.

हे सगळं मी सरांना लेखी दिलं आहे. दादा म्हणतात अठराच्या वरच्यांना ते रविवारी स्वतः बोलावतात, ग्राउंडवर नाही, त्यांच्या घरी. एका माणसानं किती करायचं.

तर मी पाचपैकी चार देते. एक अठरानंतरचा कापला, कडीचा आणि फोटोचा राग त्यातच धरा. ज्यांना पोट्ट्याला टाकायचं आहे त्यांच्यासाठी: महिन्याचे पन्नास रुपये, जमत नसेल तर ग्राउंडला पाणी मारायचं, त्यात कमीपणा मानत नाहीत. आधार कार्ड, शाळेचं ओळखपत्र, दोन फोटो. वय दहा ते अठरा. बूट नसले तरी चालते, तिथं जुने पडून असतात. साडेसहाच्या आधी अभ्यास घेतात पाचपासून, पण त्याची जबरदस्ती नाही, खिचडी साडेआठला. मे महिन्यात ऊन उतरेपर्यंत सात वाजतात, तेव्हा उशिरा सुरू होते. पहिल्या दिवशी पोट्ट्याला तुम्ही स्वतः घेऊन या, एकट्याला पाठवू नका, तो चौकातूनच वळेल. गेटवर त्याचे खिसे तुम्ही तपासू नका, डब्याजवळ उभे पण राहू नका, थोडं मागं थांबा. तो काय टाकते ते पाहायचं नाही. आणि दादांचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, रात्री उचलतात.